संध्याकाळचा पाय

४ जून

धाकटीस,

तुझ्या ताईला जाऊन महिना होत आला. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या आठवड्यात एक फोन शेजारच्या वहिनींनी उचलला होता. पलीकडून कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू आला, असं त्या म्हणाल्या. तो तुझाच होता असं मी धरून चालतो.

मला पत्रं लिहायची सवय नाही. माझं लिहिणं म्हणजे प्रयोगशाळेत विजेचे मीटर तपासल्यावर मारायचे शेरे: 'योग्य', 'मंद', 'वेगवान'. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

सोबत एक खोकं पाठवतो आहे. त्यात ताईने वापरलेला एक जोडा आहे. तुमच्या दोघींचे पाय एकाच मापाचे, म्हणून तुला. लहानपणी घरात चांगला असा एकच जोडा असायचा आणि जी आधी उठेल ती घालून जायची, हे मी तिच्याकडून अनेकदा ऐकलं आहे. "धाकटी लवकर उठायला शिकली ती अभ्यासासाठी नाही," असं ती सगळ्यांना सांगायची.

तू बरीच वर्षं इकडे फिरकली नाहीस, म्हणून तिच्या कामाबद्दल थोडं सांगतो. बायकांचे जोडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती शिलाईला लागली होती हे तुला माहीत आहे. पुढे मास्तरांच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांच्या, लक्षात आलं की तिचा पाय अगदी पुस्तकातल्यासारखा सदतीस नंबरचा आहे. टाच अरुंद, चवडा हवा तेवढाच रुंद. कुठलाही नवा जोडा आधी सदतीसमध्येच करतात आणि तो बरा निघाला की मग बाकीची मापं काढतात. तेव्हापासून नवा जोडा आधी तिच्या पायात जायचा. ती फाटकातून आत आली की शिलाईच्या बायका ओरडायच्या, "पाय आले! आता आपल्या चुका निघणार!" तिला राग येत नसे. "डोकं आलं म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायची.

तिची पद्धत मात्र कुणालाच आवडायची नाही. जोडा घालून दोन येरझाऱ्या घालायच्या आणि मान डोलवायची, हे तिला जमत नसे. ती जोडा घालून घरी यायची. दुसऱ्या दिवशी तोच घालून भाजी आणायची, पोस्टात रांगेत उभी राहायची, ओट्यापाशी स्वयंपाक करायची, स्टुलावर चढून पंखा पुसायची. निकाल संध्याकाळी. "सकाळी सगळेच जोडे चांगले असतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. मालकीणबाई चिडायच्या, कारण त्यांना निकाल जेवणाच्या सुट्टीच्या आत हवा असे. पण तिने मान हलवल्याशिवाय त्यांनी एकही जोडा बाजारात पाठवला नाही.

आणि नुसता आराम तिला कधीच पुरला नाही. एकदा मालकीणबाईंनी बाहेरून एक नमुना आणला, रुंद, राखाडी, मऊ. ताईने दिवसभर घातला आणि सांगितलं, "आराम आहे. पण पायात होड्या घालून मी बँकेत जाऊन कुणाशी मान वर करून बोलणार नाही."

"पायाकडे कोण बघतंय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"जी घालते ती."

असो. जोडा घालून बघ. कसा वाटला ते कळव, एवढंच.

भाऊजी


१९ जून

धाकटीस,

तुझं कार्ड मिळालं. 'खोकं मिळालं. उघडलं नाही.' एवढ्याशा मजकुरासाठी तू तिकिटाचा खर्च केलास, म्हणजे तुला थोडं तरी बोलायचं असावं. मेहुणीला टपालाने जोडे पाठवणारा मेहुणा जगात मी एकटाच असेन, तेव्हा तुझं चुकलं असं मी म्हणत नाही.

आत चिठ्ठी वगैरे काही नाही. शोधू नकोस. नुसता जोडा आहे.

तुझ्या दुकानात तुमचं भांडण झालं त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी घेऊन बसलो होतो, त्यामुळे मी सगळं पाहिलं. नवं दुकान, काचेमागे रंगांच्या रांगा, आणि तू त्या सगळ्यांमधून मालकिणीसारखी फिरत होतीस. बँकेतल्या त्या अधिकारी बाईंना तो टोकदार लाल जोडा फार आवडला होता. त्यांनी विचारलं, हा जरा दाबतोय, सैल पडेल का. तू म्हणालीस, "दोन-चार दिवसांत पडेल. हो ना गं, ताई?"

ताई खाली बसली, त्यांच्या करंगळीपाशी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हे चामडं नाही हार मानायचं. करंगळी मानेल."

बाई हसल्या. मग त्यांनी जोडा काढून ठेवला.

शटर खाली ओढल्यावर तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "माझ्याच दुकानात येऊन मला खोटं पाडलंस." ती म्हणाली, "तुला नाही गं, जोड्याला." आणि तू म्हणालीस, "तुला माझ्यापेक्षा जोडा जवळचा." त्यावर ती काही बोलली नाही. तुला वाटलं असेल की तिला ते पटलं. तिला उत्तर सुचलं नव्हतं. तिला कधीच पटकन सुचायचं नाही, तिचा निकाल संध्याकाळीच लागायचा.

परतीच्या गाडीत काय झालं ते तुला माहीत नसणार. दोन तास ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं रडते आहे. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "दुकान काय लावलंय तिने! पाहिलंत? तो मोरपंखी जोडा तिने एकटाच ठेवला होता, शेजारी काही नाही. असं करायला नजर लागते. माझ्याकडे पाय आहे, नजर तिच्याकडे आहे."

हे वाक्य तिने पुढेही बऱ्याचदा म्हटलं. कारखान्यात एखादा रंग ठरेना झाला की म्हणायची, "आमची धाकटी इथे हवी होती."

तर खोकं उघड. आणि घालशील तर घरात नको, एक अख्खा दिवस दुकानात उभी राहून घाल. का ते नंतर सांगतो.

भाऊजी


२ जुलै

धाकटीस,

तुझं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. "उघडलं. रंग बघायला जोडा दारातल्या उजेडात नेला. पण भाऊजी, हा जोडा तुम्ही बहिणीची आठवण म्हणून पाठवलात की परीक्षेचा पेपर म्हणून? दिवसभर उभी राहून घाल, असं आठवणीच्या वस्तूबद्दल कुणी लिहीत नाही. खरं काय ते सांगा, नाहीतर खोकं परत पाठवते."

खरं सांगतो.

तुझ्या हातात आहे तो जोडा ताईने नुसता तपासलेला नाही. तो तिचा आहे. इतकी वर्षं ती दुसऱ्यांनी आखलेले जोडे घालून कुठे चावतं ते सांगत आली. मागच्या वर्षी तिने पहिल्यांदा मालकीणबाईंना सांगितलं, की मला एक जोडा सुचलाय. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईसाठी, शिक्षिका, नर्स, काउंटरवरची. तिला तो कामावर घालता यावा आणि तिथून तसंच कुणाच्या लग्नालाही जाता यावं. टाच दोन बोटं उंच, पण रुंद, म्हणजे लटपटत नाही. वरून बघितलं तर टोक निमुळतं दिसतं, आत बोटांना मोकळी जागा. वांग्याच्या सालीसारखा रंग तिनेच निवडला. बक्कल नाही, पट्टा नाही. "सकाळी घाईत वाकायला कुणाला वेळ आहे?" असं तिचं म्हणणं.

आता अडचण सांगतो. जोडा लाकडी साच्यावर ओढून करतात. पायाला कुठे दाबलं की मास्तर साच्यावर त्या जागी चामड्याची पातळ पट्टी चिकटवतात, साचा तेवढा फुगतो आणि जोडा तेवढा सैल होतो. एरवी एखाद-दुसरी पट्टी लागते. या साच्यावर ताई सांगत गेली आणि ते चिकटवत गेले. चवड्यावर, पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याजवळ, टाचेच्या दोन्ही अंगांना.

ती गेल्यावर मास्तर घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "साहेब, विचारू नये, पण विचारतो. ताईंच्या पायांना सूज होती का?"

होती. हृदय अशक्त झालं होतं आणि पाणी पायांत उतरत होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितलं होतं. ती गोळ्या घेत होती. कारखान्यात बोलायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. "पायच गेला तर मी तिथे कोण?" आणि तिला मनापासून वाटत होतं की आपली सूज वजा करून आपण बरोबर सांगू शकतो. इतक्या वर्षांचा पाय होता, तिला तसं वाटलं यात नवल नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक प्रमाण मीटर असतो. बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. पण तो स्वतःसुद्धा वर्षातून एकदा दुसरीकडे तपासायला जातो, कारण त्याचंही माप सरकू शकतं. ताईचा पाय कुणी कधी तपासला नाही. कुणाशी ताडून बघणार?

मालकीणबाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "मलाही हा जोडा त्यांच्या मनासारखा करायचाय. पण सैल जोडा घालून एखादी जिन्यावरून पडली, तर त्या मला वरून शिव्या घालतील." या महिनाअखेर त्यांना ठरवावं लागेल. काहीच कळलं नाही तर मास्तर सगळ्या पट्ट्या काढून साचा जुन्या मापावर आणतील. मग तो नेहमीचाच जोडा होईल, फक्त रंग वांग्याचा. ताईचं त्यात काही उरणार नाही.

तुझा पाय तिच्याच मापाचा आहे. आणि तू तिच्यावर रागावलेली आहेस, तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून तू काही लिहिणार नाहीस. म्हणून तुला पाठवला.

मला काय हवंय ते लपवत नाही. तू 'उत्तम आहे' असं लिहावंस असं मला फार वाटतं. पण तेवढ्यासाठी तसं लिहू नकोस.

भाऊजी


१४ जुलै

धाकटीस,

तुझा निकाल मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण मला थोडा राग आला होता. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एक चांगला मीटर बाद करायला निघालो होतो, शेजारच्या सहकाऱ्याने हात धरला. "साहेब, मीटरचं काही चुकलेलं नाही," म्हणाला.

'जोडा सैल आहे' हे तुझं पहिलंच वाक्य. त्यापुढे मी दोन दिवस वाचलंच नाही.

मग वाचलं. "सकाळी दुकानाचा जिना उतरताना टाच बाहेर आली, कठडा धरला म्हणून वाचले. वरच्या बाजूला माझं बोट आरामात आत जातं. दुपारी एक गिऱ्हाईक म्हणालं, ताई, तुमचे जोडे आवाज करतायत. हे ताईचं काम नव्हे, भाऊजी. मी तिच्यावर कितीही चिडले असले तरी हे तिचं नव्हे हे मला कळतं. पण दुसरी गोष्ट ऐका. संध्याकाळी शटर ओढताना लक्षात आलं की मी दिवसभरात जोडे काढलेच नाहीत. मी रोज काउंटरखाली काढून ठेवते. समोर बाईसाहेब दिसते आणि खाली अनवाणी असते, सगळ्या दुकानवाल्या तशाच असतात. आज बोटं दुखली नाहीत. करंगळी आहे हेच आठवलं नाही. ती पुढची जागा ताईची आहे. मास्तरांना सांगा, घोट्याजवळचं काय ते काढा, पण पुढे हात लावलात तर याद राखा."

आणि शेवटी तू लिहिलंस, की त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांनी तोच जोडा मागितला आणि तुला 'विकायचा नाही' म्हणावं लागलं. तू असं दुकानात कधी म्हटलं असशील असं वाटत नाही.

मी ते पत्र मास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्याने वाचलं. "या कोण?"

"हिची धाकटी बहीण."

"तरीच. दम देण्याची पद्धत तीच आहे." मग पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. "साहेब, कागद वाचून साचा तासता येत नाही. पाय बोलवा."

तर ये. मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत साच्याला हात न लावायचं कबूल केलं आहे. राहायची सोय इथेच. मधली खोली मोकळी आहे, चादरी शेजारच्या वहिनींनी धुऊन दिल्या आहेत. स्वयंपाक मी करतो, खाण्यासारखा होतो. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, तेव्हा उंच टाचा घालून येऊ नकोस.

भाऊजी


६ ऑगस्ट

धाकटीस,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. घर पुन्हा शांत झालं आहे. मधल्या खोलीत तू विसरलेला कंगवा आहे, तो पाठवत नाही, पुढच्या वेळी लागेल.

तू इथे होतीस तेव्हा मला फारसं बोलता आलं नाही. बोलायला बसलं की शब्द चुकतात, म्हणून लिहितो.

तू शिलाईच्या खोलीत शिरलीस तेव्हा मशिनी थांबल्या, हे तू पाहिलंस. त्या सगळ्यात जुन्या बाई सवयीने "पाय आले" म्हणून गेल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता कुणीतरी रडणार आणि मग सगळेच. तेवढ्यात तू म्हणालीस, "पाय ताईचेच आहेत, पण तोंड माझं आहे. जरा सांभाळून." त्या हसल्या ते मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

तू आणि मास्तर भांडत होतात तेव्हा मी दारात उभा होतो. ते एकेक पट्टी सोलत होते, कच्चा जोडा ओढून देत होते, आणि तू तो घालून दिवसभर कारखान्यात वर-खाली करत होतीस. टाचेच्या पट्ट्या गेल्या. घोट्याजवळच्या गेल्या. वरच्या बाजूची एक गेली, मग दुसरी. मास्तर पुढच्या पट्ट्यांवर सुरी ठेवायला गेले तेव्हा तू त्यांचं मनगटच धरलंस.

"ठेवा त्या."

"अहो, त्यासुद्धा सुजेच्याच असतील."

"माझे पाय सुजलेत का?"

"नाही."

"मग? मला त्या लागतात. सदतीस नंबरच्या सगळ्या बायकांना लागतात, फक्त आजवर कुणी दिल्या नाहीत."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मालकीणबाई मागे उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. नंतर मला म्हणाल्या, "दोघी बहिणी एका वेळी माझ्याकडे असत्या तर मी कर्ज काढून दुसरा मजला चढवला असता."

शेवटचा जोडा पायात घातल्यावर "जिना उतरून बघते" म्हणून तू गेलीस आणि बराच वेळ वर आली नाहीस. मास्तर म्हणाले, "जाऊन बघू का? घसरून पडल्या तर नाहीत ना?" मी म्हटलं, "राहू द्या. तपासणी चालू आहे." ते माझ्याकडे बघून पुन्हा कामाला लागले. तू वर आलीस तेव्हा डोळे लाल होते, आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालीस, "टाच हलत नाही." मग संध्याकाळपर्यंत तो काढला नाहीस. संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं आणि तू नुसती मान हलवलीस. अगदी तिच्यासारखी. तुला ते कळलं नसेल.

जोडा पास झाला आहे. सदतीसवरून बाकीची मापं निघाली. पहिली खेप तुझ्या दुकानात येईल असं मालकीणबाईंनी ठरवलं आहे. तो कसा मांडायचा ते तुझं तू बघ, त्यातलं आम्हाला कळत नाही. कारखान्यात त्याला नंबर मिळाला आहे, पण सगळे 'ताईंचा' म्हणतात.

तू गाडीत बसलीस त्यानंतर मी मास्तरांकडे गेलो होतो. साच्यावरून सोललेल्या पट्ट्या त्यांनी एका बशीत ठेवल्या होत्या. बशी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "साहेब, टाकवत नाहीत. ताईंच्या पायाचं माप आहे हे. तुम्ही घरी न्या."

मी त्या हातात घेतल्या. कागदासारख्या पातळ, कडा तासलेल्या, गोंद वाळून कडक झालेल्या. तिच्या शेवटच्या महिन्यांची सूज होती ती, थरावर थर. संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला बसायची आणि मी तिचे पाय उशीवर उचलून ठेवायचो, ते वजन मला आठवलं.

मग साचा पाहिला. चवड्यावरच्या दोन पट्ट्या अजून तिथेच होत्या, आता कायमच्या, वरून पॉलिश केलेल्या.

"मास्तर," मी म्हटलं, "तिच्या त्या राहिल्यात. या आजाराच्या. टाकून द्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे नीट बघितलं आणि बशी कातड्याच्या केरात उपडी केली. मग मी घरी येऊन जेवलो.

जप स्वतःला. संध्याकाळी दुकान बंद केलंस की थोडा वेळ पाय वर घेऊन बसत जा.

तुझा,
भाऊजी